तीन बोटं ठेवा आणि ओढा

कारखान्यातले लोक तिला पाठीमागे साडेसाती म्हणायचे, आणि तिला ते माहीत होतं. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी, कारण त्याने एका दगडात दोन पक्षी मारले होते. ती जिथे तपासणीला जाई तिथलं काम आठवडाभर तरी अडे, हा एक पक्षी. दुसरा म्हणजे तिच्या हातांना बोटं साडेसातच होती. सतरा वर्षांपूर्वी ती स्वतः प्रेसवर कामाला असताना उजव्या हाताची करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधल्याचं अर्धं, एवढं एका ठोक्यात गेलं. डाव्या हाताची पाचही जागेवर राहिली, पण शिरा तुटल्याने कामातून गेली. पेला धरल्यासारखी ती कायमची वळलेली असायची. त्यानंतर ती नकाशे वाचायला शिकली, संगणकावर मॉडेलं बघायला शिकली, परीक्षा दिल्या आणि यंत्रांच्या सुरक्षेची तपासनीस झाली. लोकांना वाटे, बाई सूड उगवत फिरते. खोटं कशाला बोला, पहिली दोन वर्षं थोडा सूड होताही. पुढे रोजची मापं घेता घेता तो कुठेतरी मागे पडला.

आज पावणेबाराला ती या कारखान्याच्या मॉडेल खोलीत बसली तेव्हा तिच्याकडे सव्वा तास होता.

प्रश्न पिंजऱ्याचा होता. प्रेसमध्ये वरचा साचा खालच्या साच्यावर येऊन आदळतो आणि मध्ये ठेवलेला पत्रा कापतो. मध्ये पत्रा आहे की माणूस, हे तो विचारत नाही. म्हणून इथल्या प्रत्येक प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच साचा खाली येई, म्हणजे तेवढा वेळ हात बाहेरच. पद्धत सुरक्षित होती पण संथ होती. आता चाळीस प्रेसभोवती पत्र्याचा नवा पिंजरा बसवला होता. पिंजरा लागला की हात आत जाऊच शकत नाही, मग दोन बटणं कशाला, पायाखालचं एक पेडल पुरे, असा हिशेब होता. एक वाजता कारखान्याचे मोठे साहेब कागदावर सही करणार, आणि दोनच्या पाळीला बटणं निघणार.

तिला नकार द्यायचा अधिकार नव्हता, फक्त आक्षेप घ्यायचा होता. पाळी चालू असताना प्रेस थांबवून खऱ्या पिंजऱ्यात डोकावायची परवानगी नव्हती, म्हणून चूक मॉडेलमध्ये दाखवता आली तर काम थांबणार, नाहीतर सही. आणि दोनच्या पाळीला चार नंबरच्या प्रेसवर तिची धाकटी बहीण उभी राहायची. हे तिने आपल्या कार्यालयाला लेखी कळवलं होतं. कार्यालयाने उत्तर दिलं की दुसरं कोणी मोकळं नाही, तुम्हीच जा.

"तर मग ताई, दाखवा," डिझायनर म्हणाला. पिंजऱ्याचा आराखडा त्यानेच काढला होता. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला लोण्यासारखा मऊ माणूस. "आम्ही पण बघतो कुठे फट आहे ती."

कागदावरच्या नकाशात फट असल्याचं तिने काल रात्री आकडेमोड करून ओळखलं होतं. कापलेला माल बाहेर पडायला पिंजऱ्याला डाव्या बाजूने एक घसरगुंडी होती. तिथे दोन पत्रे एकमेकांसमोर येत, पण जुळत नसत. एक पुढे, एक मागे, मध्ये मोकळी जागा. गंमत अशी की समोरून पाहिलं तर पत्रे एकावर एक चढलेले दिसत. बाजूने पाहिलं तर घसरगुंडीची भिंत आड येई, वरून पाहिलं तर छप्पर. डिझायनरचं म्हणणं होतं की नकाशा जुना आहे, मॉडेल सुधारलेलं आहे, मॉडेल बघा.

मॉडेल समोरच होतं. राखाडी रंगाचा पिंजरा पडद्यावर दिमाखात उभा होता. समोरून, बाजूने, वरून अशी तीन बटणं होती. तिने तिन्ही दाबून पाहिली आणि तिन्हीकडून पिंजरा धुतल्या तांदळासारखा निघाला. डाव्या कोपऱ्यातून, खालून, तिरपं पाहायला हवं होतं, आणि त्यासाठी मॉडेल हाताने फिरवायला हवं. फिरवायचं म्हणजे माउसचं मधलं बटण दाबून धरायचं आणि माउस ओढायचा.

माउस नव्हता. ही मॉडेलं बाहेर जाऊ नयेत म्हणून या खोलीतल्या लॅपटॉपची सगळी भोकं लाल सील लावून बुजवलेली. बिनतारी माउसही चालत नसे, तसं दारावरच लिहिलं होतं. फोन बाहेरच्या खणात ठेवायचे. आणि नोंदवहीत ज्याची सही आहे त्यानेच मॉडेलला हात लावायचा. आज सह्या दोघांच्याच होत्या, तिची आणि डिझायनरची.

तिच्या कचेरीतल्या माउसवर तिचं ते अर्धं मधलं बोट चाकावर, म्हणजे मधल्या बटणावर, अगदी मापात बसायचं. दुनियेत एवढी एकच वस्तू होती जी जणू तिच्या हाताचं माप घेऊन बनवली होती, आणि नेमकी तीच आज बंद दाराबाहेर होती. खाली होतं ते गुळगुळीत टचपॅड. दोन बोटांनी सरकवलं की मॉडेल लहान-मोठं होई. फिरायचं नाव नाही.

"याला मधलं बटण नाही," ती म्हणाली.

"टचपॅडला नसतंच ना," डिझायनर म्हणाला.

"मग तुम्ही कसं फिरवता?"

"आम्ही आमच्या मशीनवर काढतो, ताई. तिथे माउस आहे. इथे फक्त बघायचं असतं." त्याने तिन्ही बटणांकडे हात केला. "बघायला एवढं पुरतं."

खिडकीजवळच्या खुर्चीत मोठे साहेब चहा घेत होते. पांढरे केस, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आवाज प्रेमळ. हाच आवाज तिला धोक्याचा वाटे. "बाई," ते म्हणाले, "तुमची काळजी मला कळते. तुमच्यावर जे गुदरलं त्यानंतर... शेवटी दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो."

ही म्हण तिने इतक्या कारखान्यांत इतक्या साहेबांकडून ऐकली होती की ती कानी पडताच तिच्या कानशिलात आग व्हायची. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की साहेब, हे ताक नाही, दूधच आहे, आणि उकळतंय. पण ओरडणाऱ्या बाईचं म्हणणं कागदावर येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "काळजी नाही, साहेब. माप आहे. तुमच्या कॉम्प्युटर विभागातलं कोणी बोलवा. टचपॅडला मधलं बटण देता येतं."

कॉम्प्युटरवाले भाऊ सव्वाबाराला आले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, पोट पुढे आणि चष्मा कपाळावर असलेला माणूस. नाक सर्दीने लाल. कोणाकडे न बघता ते थेट लॅपटॉपसमोर बसले आणि वैद्याने नाडी धरावी तसा टचपॅडवर पंजा ठेवला.

"होईल," ते म्हणाले. "जेश्चर टाकावं लागेल. म्हणजे बोटांची खूण. अमुक बोटं ठेवली की त्याने मधलं बटण समजायचं. पण बाहेरचा प्रोग्राम बसवायचा तर वरून परवानगी लागते."

"मागा," ती म्हणाली.

परवानगी मागितली. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. डिझायनर पेनाचं टोपण उघडत आणि लावत होता, टक, टक. ती मनात बहिणीचा दिवस मोजत होती. आता ती डबा भरत असेल. आता कुलूप लावून निघाली असेल. सकाळी फोनवर केवढी खूश होती! ताई, आजपासून पेडल, बटणं दाबून खांदे दुखायचे ते गेले बघ. तिला काय सांगायचं? पुराव्याशिवाय सांगितलं असतं तर धाकटी हसली असती आणि पेडलच दाबलं असतं. ताईला काय, सगळीकडेच भीती दिसते, हे घरातही बोललं जायचं.

बारा पंचवीसला परवानगी आली. भाऊंनी दोन शिंका दिल्या आणि कामाला लागले. पहिल्या प्रयत्नात तीन बोटांनी टिचकी मारली की मधलं बटण नुसतं दाबून सुटे. पिंजरा पडद्यावरून उडी मारून दिसेनासा झाला.

"गेला!" डिझायनर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा जास्तच आनंद होता.

"गेला कुठे, इथेच आहे. टिचकी नको, धरून ठेवायला हवं." भाऊंनी पिंजरा परत आणला, आणखी दोन खिडक्या उघडल्या, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मग त्यांनी तर्जनी, मधलं आणि त्याच्या शेजारचं अशी तीन बोटं टचपॅडवर टेकवून ओढली, आणि पडद्यावरचा पिंजरा झुलला. खरंच फिरला. पण भाऊंनी तो उजवीकडे फिरवला होता, आणि लगेच हात उचलून ते खुर्चीतून उठले.

"मी एवढंच. मॉडेलला मी हात लावायचा नाही, माझी सही नाही. घ्या बाई. तीन बोटं ठेवा आणि ओढा. सोप्पं आहे, पोरंसोरं करतात."

बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि तेव्हा त्यांना तिचे हात दिसले.

टोपणाची टकटक थांबली. भाऊंचं लाल नाक आणखी लाल झालं. तिला त्या शांततेची सवय होती, पण आजच्याइतकी तिची चीड कधी आली नव्हती, कारण शांततेतही घड्याळ चालतं. बारा चाळीस झाले होते.

ती खुर्ची ओढून बसली. तर्जनी ठेवली. अर्धं बोट पोचावं म्हणून तर्जनी वाकवली. तिसरं म्हणून अंगठा टेकवला आणि ओढलं. पिंजरा मोठा झाला. पुन्हा ओढलं, लहान झाला.

"अंगठा धरत नाही तो," भाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "टेकलेला अंगठा चुकून लागलाय असं समजून सोडून देतो. मग त्याला दोनच बोटं दिसतात."

तिने डावा हात उचलून टचपॅडवर ठेवला. वळलेल्या बोटांची नखं टेकली. नखांना टचपॅड ओळख देत नाही. उजव्या हाताने डाव्याचं एक बोट सरळ करून दाबून धरलं. पिंजरा थरथरला आणि तिथेच राहिला. तिच्या कानामागून घाम निघाला. लाज वाटत होती असं नव्हे, लाज केव्हाच संपली होती. पण तिघे पुरुष आपल्याकडे दयेने बघताहेत आणि त्या दयेत पिंजरा विसरताहेत, हे तिला दिसत होतं.

"ताई, राहू द्या, मी फिरवतो ना," डिझायनर म्हणाला. "माझी सही आहे."

तिने जागा दिली. दुसरं करणार काय? त्याने तीन बोटं टेकवली आणि पिंजरा नाचवायला सुरुवात केली. उजवीकडून, मागून, वरून, पुन्हा उजवीकडून. सराईत हात होता.

"डावा कोपरा," ती म्हणाली. "खालून."

पिंजरा डावीकडे वळला आणि त्या कोपऱ्यावरून सर्रकन पुढे गेला.

"मागे घ्या."

मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"थांबवा तिथे."

"हो, थांबवतोय, हे जरा घसरतंय." तो हसला. "नवीन आहे ना."

तिने पडद्याकडे न बघता त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटं घसरत नव्हती. त्या कोपऱ्यापाशी आली की ती घाई करत होती. याला माहीत आहे, तिच्या मनात आलं. किंवा आत्ता, याच क्षणी, पहिल्यांदा कळलंय आणि बिचारा घाबरलाय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी या हातातून फट बाहेर येणार नव्हती.

"पाहिलंत सगळीकडून?" मोठ्या साहेबांनी विचारलं आणि खिशातलं पेन काढलं. बारा पन्नास.

"भाऊ," ती म्हणाली, "हे तीनाचं दोन करता येईल?"

"म्हणजे?"

"दोन बोटं ठेवून ओढली की मधलं बटण."

"दोन बोटांवर लहान-मोठं करणं आहे ना. ते काढावं लागेल. मग तुम्हाला जवळून काही बघता येणार नाही."

"काढा. जवळून बघावी एवढी ती फट लहान नाही."

भाऊंनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. साहेब पेन हातात धरून घड्याळाकडे बघत होते. डिझायनर म्हणाला, "साहेब, एक वाजायला आलाय, आता हे सेटिंगशी खेळणं..." पण भाऊ तोवर त्याला खुर्चीतून उठवून बसलेही होते. मघाचं बोलणं त्यांना डाचत असावं. आयुष्यभर लोकांच्या विसरलेल्या पासवर्डांवर डाफरणारा तो माणूस आता शिंकसुद्धा दाबून काम करत होता. एक खूण खोडली. तीनाच्या जागी दोन लिहिलं. बदल घ्यायचा तर प्रोग्राम बंद करून उघडायला हवा होता. बंद केला, उघडला. पिंजरा पडद्यावर तुकड्या-तुकड्याने उतरू लागला, आधी पाया, मग खांब, मग पत्रे. बारा छप्पन्न.

"बसा," भाऊ म्हणाले.

तिने तर्जनी वाकवली, अर्ध्या बोटाच्या रांगेत आणली, दोन्ही टेकवली. ओढलं.

पिंजरा वळला. तिच्या हाताने वळला, आणि घाई न करता वळला. डावा कोपरा समोर आला. तिने बोटं खाली ओढली, तशी पिंजऱ्याची तळाची कड वर उचलली गेली. घसरगुंडीची भिंत बाजूला सरकली, एकावर एक चढलेले दोन पत्रे एकमेकांपासून सुटले आणि त्यांच्यामधून साचा दिसला. नुसती रेघ नव्हे. आरपार, लख्ख, वरचा साचा आणि खालचा साचा, दोन्ही.

तिने बोटं उचलली. आता काही हलवायचं नव्हतं. मापाचं चिन्ह निवडून एका बोटाने या पत्र्याच्या कडेवर टिचकी मारली, मग त्या पत्र्याच्या. अठरा मिलिमीटर. मग कडेपासून साच्यापर्यंत. नव्वद.

"एवढ्या रुंदीच्या फटीपासून साचा किमान एकशे वीसवर हवा," ती म्हणाली.

मोठे साहेब उठून पडद्याजवळ आले. "हे मॉडेल सुधारलेलं आहे ना?" त्यांनी डिझायनरला विचारलं.

डिझायनरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी... तिन्ही बाजूंनी तपासलं होतं, साहेब. खालून कधी फिरवलंच नाही." मग लगेच म्हणाला, "पण अठरा मिलिमीटरमध्ये हात घालणार कोण?"

"हात कोणी घालत नाही," ती म्हणाली. "घसरगुंडीत एक तुकडा अडकतो. दिवसभरात पन्नास वेळा अडकतो. एक्कावन्नाव्या वेळी बोटं आपोआप जातात, आणि पाय पेडलवर असतो."

मोठ्या साहेबांनी समोरचा कागद उलटा केला आणि पेन खिशात ठेवलं. खोलीतल्या इंटरकॉमवरून कोणाला तरी सांगितलं की बटणं काढायला उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवा. मग ते तिच्याकडे वळले. चेहरा खरोखर ओशाळलेला होता, ढोंग नव्हतं त्यात.

"बाई, एवढा खटाटोप कशाला केलात? नुसता हात पुढे करून सांगितलं असतंत, तरी मी थांबवलं असतं."

"मागे एका कारखान्यात केला होता पुढे, साहेब," ती म्हणाली. "त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, फार वाईट वाटलं म्हणाले. आणि मग सही केली."

भाऊंनी नोंदवही पुढे सरकवली. तिने वेळ लिहिली, आक्षेप लिहिला आणि बाहेर आली.

खणातून फोन काढला तेव्हा धाकटीचे चार फोन येऊन गेले होते. तिने लावला. ती कारखान्यात पोचली होती; पलीकडून आधीच्या पाळीच्या प्रेसच्या दणक्यांमधून धाकटीचा आवाज आला, चांगलाच तापलेला.

"ताई, तुझंच काम ना हे? आत्ता सुपरवायझर सांगून गेला, पेडल रद्द, बटणं राहणार."

"हो, माझंच."

"झालं! म्हणजे पुन्हा आठ तास दोन्ही हात बांधल्यासारखे. तुला काय जातंय गं? खुर्चीत बसून खोट काढायची. आम्हाला इथे नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नाही. नाक खाजलं तर काय करायचं सांग ना!"

तिला हसू आलं. ती भिंतीला टेकली.

"पाळी संपली की घरी ये," ती म्हणाली, "आणि मनसोक्त खाजव. दहाही बोटांनी खाजव."